दारातला मोर्चा

आयर्लंडमध्ये पंतप्रधानाला कोणी साहेब म्हणत नाही. बर्टी, एन्डा, लिओ, मिहॉल, सायमन. शाळकरी पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळे नुसत्या पहिल्या नावाने बोलतात, आणि माणूस समोर उभा ठाकला तरी त्यात फरक पडत नाही. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे पंचायत समितीच्या सदस्यालाही दादा, आण्णा, साहेब लावल्याशिवाय जीभ उचलत नाही. इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी या मोकळेपणाचं मला अजून अप्रूप आहे.

आणि तो नुसता बोलण्यापुरता नाही. इथला टीडी, म्हणजे 'डॉल' या त्यांच्या लोकसभेचा सदस्य, पसंतीक्रमाच्या मतांनी निवडून येतो. एका मतदारसंघात तीन, चार किंवा पाच जागा असतात, त्यामुळे त्याला खरी धास्ती पुष्कळदा आपल्याच पक्षातल्या दुसऱ्या उमेदवाराची असते. लोकांना दिसला नाही की संपला. म्हणून तो शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये किंवा पबच्या मागच्या खोलीत बसतो, त्याला इथे 'क्लिनिक' म्हणतात. लोक येतात आणि रस्त्यातला खड्डा, हॉस्पिटलची लांबलेली तारीख, कौन्सिलचं न मिळालेलं घर, जे असेल ते त्याच्यासमोर टाकतात. डब्लिनमधले शहाणे संपादक या सगळ्याला गल्लीचं राजकारण म्हणून नाकं मुरडतात. मला मात्र वाटतं की या देशात जे काही भलं घडलं, ते बरंचसं गल्लीतूनच घडलं.

गल्ली म्हणजे काय, ते समजायचं तर इथल्या मयतीला जावं. गावोगावच्या रेडिओवर रोज ठरलेल्या वेळी निधनवार्ता वाचल्या जातात आणि तेवढ्यापुरती घरातली बोलणी थांबतात. मग ओळख असो नसो, माणसं रांग लावून येतात, घरच्यांचा हात हातात घेतात, "तुमच्या दुःखात सहभागी आहे" एवढंच म्हणतात आणि पुढे सरकतात. स्वयंपाकघरात शेजारणींनी सँडविचचे ढीग रचलेले असतात, खुर्च्या जीएएच्या, म्हणजे आयरिश खेळांच्या, क्लबमधून आलेल्या असतात, आणि चहाचं मोठं भांडं कुठून आलं हे विचारायची कोणाला गरज पडत नाही. कोणाकडे फोन करायचा, कोणाची गाडी मोठी आहे, कोणाला रात्री झोप लागत नाही म्हणून तो जागा असतो, हे सगळं पाठ असतं. २०१४ साली पाण्याच्या मीटरविरुद्ध जे उभं राहिलं, ते याच चहाच्या भांड्यावर आणि याच फोनवर.

मी तेव्हा टॅलामध्ये नुकती राहायला आले होते. टॅला म्हणजे डब्लिनच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं उपनगर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शहरातली कामगार कुटुंबं इथे कौन्सिलच्या घरांत आणून वसवली. घरं आधी आली, बस, दवाखाने, कामं बरीच मागाहून. इथल्या बायकांनी जे मिळवलं ते भांडून मिळवलं, आणि ती सवय त्यांच्या बोलण्यात उतरली आहे. वाक्यागणिक शिवी, आणि त्याच वाक्यात "लव्ह" आणि "पेट".

पाण्याचं प्रकरण तसं बँकांपासून सुरू होतं. ३० सप्टेंबर २००८ च्या पहाटे सरकारने बुडत्या बँकांच्या देण्यांना सरसकट हमी दिली. त्या बँका वाचवायला अखेर ६४ अब्ज युरो लागले. २०१० च्या नोव्हेंबरात युरोपियन युनियन आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. मग पगारकपात, नवे अधिभार, घरपट्टी, आणि पोरं पुन्हा विमानं धरून ऑस्ट्रेलिया-कॅनडाला. कॉर्क परगण्यात बॅलीहे नावाचं एक खेडं आहे. तिथली माणसं २०११ पासून दर रविवारी चर्चमधून बाहेर पडली की हातात फलक घेऊन लिमरिक रस्त्याच्या कडेने थोडं अंतर चालत जायची आणि परत यायची. बँकांचं कर्ज आमच्या डोक्यावर का, एवढाच प्रश्न. पावसात, गारठ्यात, वर्षानुवर्षं. ना नेता मोठा, ना गर्दी. मला त्या मोर्चाबद्दल विलक्षण आदर आहे.

या सगळ्यावर मग पाणीपट्टी आली. घरगुती पाण्याचं वेगळं बिल ही डब्लिनकरांना आधीच एकदा पचली नव्हती अशी गोष्ट. १९७८ मध्ये घरांवरचे स्थानिक कर रद्द झाले, तेव्हापासून पाण्याचा खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून होत आला. नव्वदच्या दशकात डब्लिनच्या कौन्सिलांनी आकार लावून पाहिला, लोकांनी तो भरला नाही, नळ तोडायला येणाऱ्यांना अडवलं, आणि १९९६ च्या डिसेंबरात सरकारने तो गुंडाळला. आता 'आयरिश वॉटर' नावाची नवी कंपनी काढली, कौन्सिलांकडचं सगळं पाणी तिच्याकडे दिलं. २०१४ च्या जानेवारीत तिच्या प्रमुखांनी रेडिओवर सांगितलं की पहिल्याच वर्षात सुमारे ५ कोटी युरो सल्लागारांवर गेले. ज्यांच्या घरात हीटर तासाच्या हिशेबाने लावला जात होता, त्यांनी ते ऐकलं. त्यावर आणखी, नोंदणीसाठी प्रत्येकाचा पीपीएस क्रमांक मागितला. आपल्या आधारसारखा तो क्रमांक. तो पाणी कंपनीला कशाला, म्हणून जे एरवी कधी रस्त्यावर उतरले नसते तेही भडकले. पुढे ती अट मागे घेतली, पण तोवर तिढा पडला होता.

त्या शरद ऋतूतली एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. रात्रपाळी संपवून मी घराकडे वळले तर कोपऱ्यावर मीटरवाल्यांची व्हॅन, मागे गार्डांची, म्हणजे इथल्या पोलिसांची, गाडी, आणि फुटपाथवर दहा-बारा माणसं. प्रत्येक घरासमोर फुटपाथमध्ये पाण्याच्या नळीवर एक छोटं लोखंडी झाकण असतं, तळहाताएवढं. मीटर बसवायचा तर तिथलीच जमीन फोडावी लागते. समोरच्या घरातली सत्तरीची आजी त्या झाकणावर स्वयंपाकघरातली खुर्ची मांडून बसली होती. अंगात गुलाबी ड्रेसिंग गाऊन, त्यावर नवऱ्याचं जाड जॅकेट, पायांत सपाता, हातात चहाचा मग. शेजारच्या झाकणांवर लोकांनी गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. गार्ड तरुण होता. त्याने वाकून काहीतरी सांगितलं. आजीने त्याच्या आईचं नाव घेतलं, म्हणजे शिवी नव्हे, ती खरोखर त्याच्या आईला ओळखत होती, आणि म्हणाली की तिला माझा नमस्कार सांग, पण मी उठणार नाही. मग मंत्र्याला, कंपनीला आणि बँकांना एकेक शेलकी शिवी. खोदायला आलेल्या पोरांना मात्र तिने आतून बिस्किटं मागवली. ती पोरंही अशाच वस्तीतली, पोटासाठी आलेली. दोनेक तासांनी व्हॅन निघून गेली.

माझ्या पासपोर्टवर तेव्हा कामाच्या परवान्याचा शिक्का होता. दर वर्षी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, आणि त्या रांगेत आपलं नाव कुठल्याच कागदावर नको, ही धास्ती परदेशात राहिलेल्या कोणालाही सांगावी लागणार नाही. मी घरात गेले, आल्याचा चहा केला, थर्मास भरला आणि फाटकावर अडकवून ठेवला. आजीने तो संपवला. त्या दिवसापासून तिच्या गल्लीतल्या माणसांच्या यादीत माझं नाव आलं.

११ ऑक्टोबर २०१४ ला डब्लिनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला आणि त्याच दिवशी आमच्या मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत पाणीपट्टी भरू नका म्हणणारा पॉल मर्फी निवडून आला. १ नोव्हेंबरला राजधानीत न जाता प्रत्येकाने आपापल्या गावात निघायचं ठरलं आणि देशभरात छोट्या-मोठ्या गावांचे रस्ते भरले. आधी शिवीगाळ करणारे मूठभर लोक म्हणून ज्यांची वासलात लावली होती, त्यांच्यात आता नर्सा, शिक्षक, निवृत्त बसचालक दिसू लागले. तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर म्हणाले की या आंदोलनाच्या कडेला काही घातकी मंडळी आहेत. पुढच्या मोर्च्यात आज्यांनी तेच शब्द आपल्या फलकांवर लिहून मिरवले. वराडकर म्हणजे मालवणजवळच्या वराडचे. मूळच्या तिथल्या डॉक्टरांचा हा मुलगा. २०१७ मध्ये पंतप्रधान झाला तेव्हा आम्हा मराठी माणसांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. आनंद मलाही झाला. पण मत त्याच्या पक्षाला द्यावं असं मला कधी वाटलं नाही, आणि आडनाव आपलं आहे म्हणून ते वाटायला हवं, हे मला मान्य नाही.

जॉब्सटाऊन टॅलाचाच भाग. १५ नोव्हेंबर २०१४ ला उपपंतप्रधान जोन बर्टन तिथल्या प्रौढशिक्षण केंद्रात पदवीदानाला आल्या. लोकांनी त्यांची गाडी दोन तासांहून जास्त वेळ अडवली, पाण्याचा फुगाही फेकला. गाडीत अडकून पडलेल्या बाईला भीती वाटली असणार, आणि फुगा फेकायला नको होता, असं मी तेव्हाही म्हणत होते. पण त्याचं पुढे जे केलं गेलं ते भयंकर होतं. दोन-तीन महिन्यांनी पहाटे दारं वाजवून अटका झाल्या. रस्त्यात बसलेल्यांवर बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा लावला. या गुन्ह्याला इथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. २०१७ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा वकिलांनी ज्यूरीला पोलिसांच्या साक्षी आणि लोकांनी मोबाईलवर घेतलेलं चित्रण समोरासमोर ठेवून दाखवलं, आणि दोन्ही जुळत नव्हतं. २९ जूनला सहाही आरोपी निर्दोष सुटले. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी कोणाचंच दार बंद नव्हतं.

पाणीपट्टीही टिकली नाही. आधी सरकारने ती कमी करून एकट्याला १६० आणि इतर घरांना २६० युरो अशी मर्यादा घातली, वर १०० युरो परत देऊ केले. तरी लाखो घरांनी भरली नाही. २०१६ च्या निवडणुकीनंतर वसुली थांबली, २०१७ मध्ये कायद्याने ती गेली आणि ज्यांनी भरले होते त्यांचे पैसे परत झाले. तो कायदा झाला तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर.

यात सगळं गोड नाही. खेड्यातली कित्येक घरं स्वतःच्या विहिरीवर किंवा गावाने वर्गणी काढून चालवलेल्या योजनेवर असतात. ती आधीपासून पदरचे पैसे घालत होती आणि शहराचा संताप त्यांना कळत नव्हता. नळ्या जुन्या आहेत, शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा वाटा जमिनीतच गळून जातो. आर्कलोसारख्या गावाचं सांडपाणी अगदी परवापरवापर्यंत तसंच नदीत जात होतं. गॉलवेकरांनी २००७ साली दूषित पाण्यामुळे महिनोन्‌महिने पाणी उकळून प्यायलं. पैसा लागणार, हे आजीलाही ठाऊक होतं. बँकांना हमी देताना एका रात्रीत सापडला तो पैसा नळ्यांसाठी का सापडत नाही, एवढंच तिचं म्हणणं, आणि त्याचं धड उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

हे सगळं नवं नाही, याची मला मेयो परगण्यात गेल्यावर खात्री पटली. लॉख मास्कच्या काठी एका जमीनदाराचा कारभारी राहायचा, कॅप्टन बॉयकॉट. १८८० च्या शरदात कुळांनी खंड कमी करा म्हणून मागणी केली, त्याने घराबाहेर काढायच्या नोटिसा धाडल्या. कोणी त्याच्यावर हात उचलायचा नाही, असं लँड लीग या कुळांच्या संघटनेच्या लोकांनी ठरवलं. फक्त कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं काम करायचं नाही. धोबीण कपडे घेईना, लोहार घोड्याला नाल ठोकेना, दुकानदार सामान देईना. सलगमाचं पीक शेतात उभं राहिलं. मग उत्तरेकडून पन्नास माणसं काढणीला आणली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला, आणि डिसेंबर उजाडताच कॅप्टन देश सोडून गेला. ही रीत चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल या आयरिश नेत्याने एनिस गावच्या सभेत नुकतीच सांगितली होती. पुण्यात ती पोचायला पंचवीस वर्षं लागली. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आहे, आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात त्यांनी होमरूल लीग काढली, त्या नावामागेही आयर्लंडच होतं. आमच्या शाळेत चतुःसूत्री पाठ करून घेतली, धोबिणीबद्दल कोणी सांगितलं नाही. मला ती धोबीण आणि खुर्चीवरची आजी एकाच घरातल्या वाटतात.

बेळगावचंच आणखी एक नाव इथे घरोघरी माहीत आहे. सविता हलप्पनवार. २८ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या रुग्णालयात ती जंतुसंसर्गाने गेली. गर्भ वाचणार नव्हता तरी ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला होता. तिला कधी न पाहिलेल्या आयरिश बायका दुसऱ्याच महिन्यात मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आल्या आणि पुढची सहा वर्षं दारोदार फिरल्या. मे २०१८ मध्ये ६६.४ टक्के मतांनी घटनेतली बंदी गेली. डब्लिनमधल्या एका भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलं होतं, त्यावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. आम्हाला माफ कर, असं कितीतरी चिठ्ठ्यांवर होतं. मी ते चित्र पाहायला गेले तेव्हा माझ्याकडे लिहायला कागद नव्हता. अनोळखी बाईने स्वतःच्या वहीचा दिला.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत जे घडतंय ते इतकं लागतं. २०२२ च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या ईस्ट वॉल वस्तीत निर्वासितांना एका जुन्या कार्यालयात ठेवलं, तेव्हा तिथेही शेजारी दारात जमले, तिथेही थर्मास होते, घोषणा होत्या. पण मीटरच्या वेळी समोर सरकार होतं, कंपनी होती. इथे समोर होती खिडकीत उभी, भाषा न समजणारी माणसं. "आयर्लंड भरलंय" हे फलक मग गावोगाव दिसू लागले. घरं नाहीत हे खरं आहे, भाडी परवडत नाहीत हे माझंही दुखणं आहे. पण ती घरं खिडकीतल्या माणसाने घेतलेली नाहीत. २३ नोव्हेंबर २०२३ च्या दुपारी डब्लिनमधल्या पार्नेल स्क्वेअरच्या शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोराला हेल्मेटने हाणून अडवणारा ब्राझीलहून आलेला डिलिव्हरीवाला होता. तरी त्याच रात्री स्थलांतरितांच्या नावाने बसगाड्या आणि ट्राम पेटवल्या गेल्या.

मग २०२५ च्या जुलैत आमच्या टॅलामध्येच, देशात येऊन काही आठवडे झालेल्या एका भारतीय माणसाला टोळक्याने मारलं, कपडे काढून रस्त्यावर टाकलं, वर त्याच्याबद्दल अफवा पसरवल्या. गाडीतून जाणारी इथलीच एक बाई थांबली आणि तिने त्याला सांभाळलं. देशात आणखीही हल्ले झाले, ऑगस्टमधला फिनिक्स पार्कचा 'इंडिया डे' पुढे ढकलावा लागला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी भारतीयांच्या बाजूने जाहीर निवेदन काढलं. आमच्या ग्रुपवर सूचना फिरल्या: मोठ्याने बोलू नका, संध्याकाळी एकटे जाऊ नका, मान खाली घालून चला. मला त्या वाचवेनात. मान खाली घालून चालायचं तर मग इतकी वर्षं या बायकांच्या शेजारात मी शिकले काय?

आजी आता नाही. तिच्या मुलीने फोनची तीच जुनी साखळी फिरवली आणि कम्युनिटी सेंटरमध्ये बैठक बोलावली. साठेक माणसं आली. सगळी आमच्या बाजूची होती असंही नाही. दोघं-तिघं ईस्ट वॉलला जाऊन आलेले होते, आणि त्यांना हाकलायचं नाही, ऐकून घ्यायचं असं तिने आधीच बजावलं होतं. रात्रपाळीवरून येणाऱ्या नर्सांना ट्रामच्या स्टॉपवरून घरापर्यंत कोण सोडणार, याचे वार लावले गेले. पोरांच्या टोळक्यातले कोण कोणाचे नातू आहेत हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी कोणाच्या आईशी बोलायचं तेही ठरलं. एका म्हाताऱ्याने उठून या देशाला न शोभणारं काय घडतंय ते सांगितलं, शिव्यांसकट, आणि खाली बसून डोळे पुसले.

मग पुढच्या शनिवारच्या सभेची कामं वाटली. आजीच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लव्ह, तुझा आल्याचा चहा लागेल."

मी म्हटलं, चहा या वेळी दुसऱ्या कोणीतरी करा. मला माईक पाहिजे.